रोजचं आकाश नोंदवा: गोव्यातून रूपविकारी तारे आणि अतिनवतारे टिपण्याची सुरुवात

तारा अचानक उजळला किंवा मंदावला हे कळायला तो काल-परवा कसा होता हे आधी माहीत असावं लागतं. नवशिक्यांची वाट बहुधा इथेच चुकते. अतिनवतारा (सुपरनोव्हा) सापडावा म्हणून मोठी दुर्बीण घेतली जाते, चार रात्री दीर्घिका धुंडाळल्या जातात, नवीन काही दिसत नाही आणि दुर्बीण माळ्यावर जाते. त्यापेक्षा सुरुवात उलट्या टोकाकडून करा. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे तीन-चार रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे निवडा, त्यांची प्रत नोंदवायला शिका आणि दोन महिने वही भरा. एवढं झालं की ‘इथे काहीतरी वेगळं आहे’ हे डोळाच सांगू लागतो.

प्रत म्हणजे काय, थोडक्यात

ताऱ्याची तेजस्विता ‘प्रती’त मोजतात. अंक जितका मोठा तितका तारा मंद. व्याध उणे १.५ प्रतीचा, ध्रुव साधारण २ चा, आणि काळोख्या जागेवरून नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा तारा ६ चा. पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात बरोबर शंभर पटींचा फरक, म्हणून एका प्रतीला सुमारे अडीच पट. हे गणित नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ मध्ये मांडलं. पुढे १८६१ पासून ते मद्रास वेधशाळेत होते. त्याच वेधशाळेतल्या चिंतामणी रघुनाथाचार्यांनी १८६७ मध्ये जालक तारकासमूहातला ‘आर’ हा तारा रूपविकारी असल्याचं शोधलं. पुढच्या काळात बंगालमधल्या राधागोविंद चंद्र यांनी हौसेखातर ३७ हजारांहून जास्त नोंदी करून अमेरिकेच्या एएव्हीएसओ या संस्थेकडे पाठवल्या. रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची ही संघटना १९११ पासून चालू आहे आणि तुमच्या नोंदीही तिथेच जाणार आहेत.

ताऱ्यांचं तेज वेगवेगळ्या कारणांनी बदलतं. काही तारे आकुंचन-प्रसरण पावतात, जसा वृषपर्व्यातला डेल्टा किंवा तिमिंगलातला मायरा. काही जोडताऱ्यांत एक तारा दुसऱ्याला झाकतो, जसा ययातीतला अल्गॉल. काही जोड्यांत एका ताऱ्यावरचा वायू शेजारच्या श्वेतबटूकडे (विझत चाललेल्या, लहान पण जड ताऱ्याकडे) ओढला जातो आणि मधूनच भडका उडतो. अतिनवताऱ्यात तर ताराच फुटतो. पाहण्याची रीत मात्र सगळ्यांना एकच आहे: शेजारच्या, प्रत माहीत असलेल्या ताऱ्यांशी तुलना.

गोव्याचं आकाश: काय मिळतं, काय मिळत नाही

गोवा साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे दक्षिणेचं आकाश पुण्या-नागपूरकरांपेक्षा आपल्याला अधिक मिळतं. नौकातलातला ईटा हा तारा आपल्याकडे मध्यमंडलावर (आकाशाच्या मधल्या उत्तर-दक्षिण रेषेवर) सुमारे १५ अंश चढतो, एप्रिलच्या मध्यावर रात्री पावणेदहाच्या सुमारास. १८४३ मध्ये हाच तारा काही काळ व्याधाखालोखाल तेजस्वी झाला होता. १९८७ चा गाजलेला अतिनवतारा ज्या मोठ्या मॅगेलनी मेघात झाला, तो मात्र इथून जेमतेम पाच अंश वर येतो. तो नाहीच असं समजा.

हंगाम ऑक्टोबर ते मे. सर्वात भरवशाच्या रात्री नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. किनाऱ्यावर संध्याकाळी खारे वारे असतात, ते बाष्प आणि क्षार घेऊन येतात, त्यामुळे क्षितिजापासून वीसेक अंशांचा पट्टा दुधाळ दिसतो. मध्यरात्रीनंतर मतलई वारे सुटले की हाच पट्टा पुष्कळदा निवळतो. आतल्या भागात, सत्तरी, धारबांदोडा, सांगे इथे काळोख चांगला मिळतो, पण डिसेंबर-जानेवारीत दव इतकं पडतं की तासाभरात वहीचं पान ओलं होतं. पूर्वेला सह्याद्रीची भिंत असल्याने उगवते तारे उशिरा मिळतात. पश्चिमेला समुद्र असल्याने किनाऱ्यावरच्या माणसाला मावळते तारे अगदी खालपर्यंत दिसतात. हा फायदा पुढे उपयोगी पडणार आहे.

जागा निवडताना सड्यावरची उघडी जागा उत्तम. माडांच्या बागेत किंवा कुळागरात आकाशाचे तुकडेच मिळतात. अभयारण्यांच्या हद्दीत रात्री जाऊ नका. तिथे परवानगीचा प्रश्न आहे आणि गव्याचाही. मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर थंडीच्या हंगामात कासवं अंडी घालायला येतात, तिथे टॉर्च लावून बसणं चुकीचं आहे. खरं सांगायचं तर घराची गच्ची किंवा अंगण हीच सर्वोत्तम जागा, कारण तिथे तुम्ही आठवड्यातून चार वेळा जाल. महिन्यातून एकदा सांग्याला जाऊन केलेल्या दोन नोंदींपेक्षा म्हापशाच्या गच्चीवरून केलेल्या पंधरा नोंदी जास्त कामाच्या. असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी ही गोव्यातल्या हौशी खगोलप्रेमींची संस्था आहे. पहिल्यांदा आकाश ओळखायला कोणी जाणतं सोबत असेल तर महिन्याचं काम एका रात्रीत होतं.

साहित्य

पहिल्या दोन महिन्यांना डोळे, वही, पेन्सिल, घड्याळ आणि लाल टॉर्च पुरे. टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटीन कागदाचे तीन थर रबर बँडने बांधा. प्रकाशात वहीतले आकडे जेमतेम वाचता येतील इतकाच उजेड हवा. पेन्सिलच घ्या, दवाने ओल्या झालेल्या कागदावर पेनाची शाई फुटते. मोबाईलची पांढरी स्क्रीन एकदा जरी पाहिली तरी डोळे पुन्हा काळोखाला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात.

पुढची पायरी १०×५० चं बायनॉक्युलर. काळोख्या जागी त्यातून साधारण ९ व्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. हात थरथरतो म्हणून कोपर खुर्चीच्या हातावर टेकवा किंवा ट्रायपॉड वापरा. सहा इंची दुर्बिणीला चांगल्या रात्री सुमारे १३ वी प्रत, आठ इंचीला त्याहून थोडी मंद. दुर्बिणीला दवरोधक नळी हवीच: योगाच्या चटईचा तुकडा तोंडाभोवती गुंडाळा, लांबी दुर्बिणीच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट. डासांसाठी मलम लावत असाल तर बोटांनी लावून लगेच बायनॉक्युलरला हात लावू नका. त्यातली रसायनं रबर, प्लॅस्टिक आणि भिंगावरचा लेप खराब करतात.

तारानकाशा एएव्हीएसओच्या संकेतस्थळावर फुकट तयार होतो. ताऱ्याचं नाव आणि किती मोठा भाग हवा ते भरा: डोळ्यांसाठी १५ अंशांचा ‘ए’, बायनॉक्युलरसाठी ३ अंशांचा ‘बी’, दुर्बिणीसाठी १ अंशाचा ‘डी’ किंवा अर्ध्या अंशाचा ‘ई’. नकाशावर तुलना ताऱ्यांशेजारी आकडे असतात. ‘३७’ म्हणजे ३.७ प्रत. दशांश चिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, नाहीतर ते तारा म्हणून वाचलं जाईल. नकाशाच्या कोपऱ्यात एक ओळखक्रमांक असतो, तो वहीत उतरवून ठेवा, नोंद पाठवताना तो मागतात. दुर्बिणीत आकाश उलटं किंवा आरशातल्यासारखं दिसतं, तेव्हा नकाशाची दिशाही तशीच निवडा. हे विसरल्यामुळे भलत्याच ताऱ्याची प्रत महिनाभर नोंदवली जाते, असं पुष्कळदा होतं.

पहिली नोंद

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी गरुड समूहातला ईटा घ्या. तो ३.५ ते ४.४ प्रतींमध्ये ७.१८ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो आणि गोव्यात जवळजवळ डोक्यावर येतो. श्रवण तारा सापडला की त्याच्या दक्षिणेला बीटा, आणि त्याच्याही पुढे ईटा. तुलनेला बीटा ३.७ चा, आयोटा ४.४ चा, डेल्टा ३.४ चा.

१. दिवे बंद करून वीस मिनिटं बाहेर थांबा. या वेळात नकाशा आकाशाशी जुळवा.

२. ईटापेक्षा थोडा उजळ एक आणि थोडा मंद एक असे दोन तुलना तारे ठरवा. समजा बीटा उजळ आणि आयोटा मंद वाटला.

३. आता नजर बीटावरून ईटावर, ईटावरून आयोटावर, पुन्हा मागे, अशी चार-पाच वेळा फिरवा. एकाच ताऱ्याकडे टक लावू नका.

४. दोन तुलना ताऱ्यांमधलं अंतर मनात वाटून घ्या. ईटा बीटाच्या एक तृतीयांश खाली वाटला, तर ३.७ आणि ४.४ मधला फरक ०.७, त्याचा तिसरा हिस्सा ०.२३. म्हणजे ईटाची प्रत ३.९. शतांश लिहू नका, डोळा तितका बारीक नाही.

५. लगेच लिहा: तारा, वेळ, प्रत, दोन्ही तुलना तारे, नकाशाचा क्रमांक, आकाशाची स्थिती. मागच्या पानावर कालचा आकडा असेल तर ते पान आधी क्लिपने बंद करा.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. कालची ४.० आठवत असेल तर आज डोळा ४.० च्या आसपासच काहीतरी शोधतो. एखाद्या वेळापत्रकात आज ‘३.६ असायला हवा’ असं वाचून बाहेर गेलात तर ३.६ च दिसतो. आधी पाहा, मग लिहा, त्यानंतर हवं तर तपासा. शेजारी उभ्या असलेल्याचा आकडा आपल्याहून वेगळा आला म्हणून आपला बदलू नका. दोन अनुभवी माणसांतही ०.२ चा फरक पडतो आणि तो तसाच नोंदवायचा असतो.

चुका कुठून येतात

उंची. क्षितिजाजवळ प्रकाश जास्त हवेतून येतो. ३० अंशांवर डोक्यावरच्या दुप्पट हवा असते, १५ अंशांवर जवळजवळ चौपट. आपल्या दमट हवेत दर हवास्तंभाला (डोक्यावर असते तेवढ्या हवेला) ०.३ प्रत घटते असं धरलं, तर ३० अंशांवरचा तुलना तारा आणि १५ अंशांवरचा रूपविकारी तारा यांच्यात अर्ध्या प्रतीहून जास्त खोटा फरक दिसतो. ईटा नौकातल पाहताना तुलना तारे त्याच उंचीचे घ्यायचे ते यासाठी.

लाल रंग. मृगातला काक्षी (बीटलज्यूज), मायरा असे तांबडे तारे टक लावून पाहिले की हळूहळू उजळ वाटू लागतात. चटकन नजर टाका आणि हटवा. बायनॉक्युलर असेल तर किंचित अस्पष्ट करून ताऱ्यांच्या छोट्या चकत्या करा, मग रंग कमी फसवतो.

दोन ताऱ्यांची दिशा. एक तारा वर आणि एक खाली असेल तर डोळा सारखा न्याय देत नाही. डोकं असं कलवा की दोन डोळ्यांची रेषा दोन ताऱ्यांच्या रेषेला समांतर होईल.

धूर आणि पातळ ढग. नरकासुराच्या रात्री अमावास्येच्या आसपासचा काळोख हाताशी असतो, पण दारूकामाचा धूर तासन् तास तरंगतो. त्या रात्री नोंद केलीच तर शेरा लिहा. एएव्हीएसओला इंग्रजी अक्षरांचे संकेत चालतात: चांदणं किंवा उजळ आकाश असेल तर ‘बी’, ढग-धूर-धुकं असेल तर ‘यू’, तारा खाली असेल तर ‘एल’, ओळख पक्की नसेल तर ‘आय’. शेरा असलेली नोंद खोटी ठरत नाही, उलट तीच वापरणाऱ्याच्या हाती नीट पोचते.

अल्गॉल: एका रात्रीत दिसणारा बदल

तारा खरोखरच बदलतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पटवून घ्यायचं असेल तर अल्गॉल. ऑक्टोबर ते मार्च ययाती संध्याकाळी ते मध्यरात्री चांगल्या उंचीवर असतो. अल्गॉल एरवी २.१ प्रतीचा, पण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी ३.४ पर्यंत घसरतो. पूर्ण ग्रहण सुमारे दहा तासांचं, त्यातले मधले चारेक तास वेगाचे.

वेळापत्रकात किमान तेजाची वेळ दिलेली असते. समजा ती ९ आणि १० तारखेच्या मधल्या रात्री १ वाजता आहे. पुढची वेळ १२ तारखेच्या रात्री ९ वाजून ४९ मिनिटांनी येईल, त्यापुढची १५ ला संध्याकाळी ६:३८ ला. तीन-तीन दिवसांनी सव्वातीन तास अलीकडे. १२ ची रात्र आदर्श: साडेसातला बसा, दर पंधरा मिनिटांनी एक अंदाज, पावणेबारापर्यंत. तुलनेला मिरफाक १.८, देवयानीतला गॅमा २.१, ययातीतले एप्सिलॉन २.९ आणि डेल्टा ३.०, त्रिकोणातला अल्फा ३.४. अल्गॉलच्या अगदी जवळचा ऱ्हो ययाती हाताशी म्हणून घेऊ नका, तो स्वतःच रूपविकारी आहे. नवशिक्यांचे अल्गॉलचे आलेख वाकडे येण्याचं हे एक नेहमीचं कारण.

दुसऱ्या दिवशी आलेख कागदावर काढा: आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर प्रत, मोठा आकडा खाली. तळ ठरलेल्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटांत आला तर हात बसला म्हणायचं.

काक्षी मात्र सावकाश चालतो, त्याला आठवड्यातून एकदा पुरे. प्रश्वा ०.४, रोहिणी ०.९, मिथुनेतला पोलक्स १.१ आणि कॅस्टर १.६ हे तुलना तारे. २०१९ च्या अखेरीपासून तो घसरत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये जवळपास १.६ पर्यंत उतरला. तेव्हा ‘नेहमीचा’ काक्षी किती, हे ज्यांच्या वहीत होतं त्यांना ती घसरण अंगणातून दिसली.

वेळ लिहिण्याची रीत

नोंदी जागतिक वेळेत किंवा ज्युलियन दिनांकात (दिवस सलग मोजण्याच्या पद्धतीत) पाठवतात. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा केले की जागतिक वेळ. ज्युलियन दिवस जागतिक दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला. भारतातल्या निरीक्षकाला ही मोठी सोय आहे: तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत संपूर्ण रात्रीला एकच पूर्णांक. पुढचा अपूर्णांक काढायला साडेपाचनंतर किती तास झाले ते मोजून २४ ने भागा. १४ जानेवारी २०२६ चा पूर्णांक २४६१०५५. त्या रात्री ८:४५ ला केलेली नोंद म्हणजे सव्वातीन तास, ३.२५ भागिले २४, ०.१३५. लिहायचं २४६१०५५.१३५. जागतिक तारीख लिहीत असाल तर पहाटे साडेपाचनंतरच्या नोंदीला दुसऱ्या दिवसाची तारीख पडते. पहाटेच्या ताऱ्यांत घोळ होतो तो इथेच.

भडकणारे आणि विझणारे तारे

हात बसल्यावर पहाऱ्याची यादी करा. चार तारे पुरेत.

उत्तर मुकुटातला टी. एरवी १० व्या प्रतीचा, १८६६ आणि १९४६ मध्ये तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळला होता. दोन्ही भडक्यांत ऐंशी वर्षांचं अंतर, म्हणून जगभरचे निरीक्षक आता त्याच्यावर डोळा ठेवून आहेत. तो मुकुटातल्या एप्सिलॉनच्या दक्षिणेला साधारण एका अंशावर आहे. काम दोन मिनिटांचं: एप्सिलॉन ४.१ चा, मुकुटातला सर्वात ठळक अल्फेका २.२ चा. एप्सिलॉनशेजारी डोळ्यांना दुसरा तारा दिसतो का? नसेल तर ‘दिसला नाही’ आणि त्या वेळी दिसलेल्या सर्वात मंद तुलना ताऱ्याची प्रत लिहा. पूर्वीच्या भडक्यांत तो आठवडाभरात पुन्हा डोळ्यांआड झाला होता, त्यामुळे रविवारी-रविवारी पाहून भागत नाही. गोव्यात अडचण ही की मुकुट संध्याकाळी डोक्यावर असतो तो जून-जुलैत. ऑक्टोबरात तो तिन्हीसांजेला पश्चिम-वायव्येला समुद्रावर उतरलेला सापडतो. नोव्हेंबरअखेरीस क्षितिजालगत, आणि डिसेंबरच्या उत्तरार्धापासून पहाटे पूर्वेला. मार्चपासून मध्यरात्रीच्या आसपास वर येतो.

त्याच मुकुटाच्या वाटीत आर हा तारा आहे, त्याची तऱ्हा उलटी. एरवी ६ च्या आसपास, बायनॉक्युलरमधून सहज दिसणारा. मधूनच तो काजळीचे ढग बाहेर टाकतो आणि काही आठवड्यांत जास्तीत जास्त आठ प्रतींनी मंद होतो. २००७ मध्ये सुरू झालेली घसरण वर्षानुवर्षं लांबली. त्याच्या जागी काहीच दिसलं नाही, तर नकाशा पुन्हा जुळवा, आणि तरी नसेल तर तीच बातमी.

दुर्बीण असेल तर हंसातला एसएस आणि मिथुनेतला यू. एसएस १२ वरून ८ पर्यंत उसळतो, सरासरी पन्नासेक दिवसांनी, आणि चढण एखाद्या दिवसातली. यू मिथुन १४ वरून ९ पर्यंत, साधारण शंभर दिवसांनी. पहिला पावसाळा संपल्यापासून डिसेंबरपर्यंत, दुसरा थंडीपासून एप्रिलपर्यंत. दोघांची पाळी छान जमते. यांच्या ‘१३.२ पेक्षा मंद’ अशा नोंदीही मोलाच्या आहेत. भडका कधी सुरू झाला हे ठरवायला आदल्या रात्री तो नव्हता हे कोणीतरी लिहिलेलं लागतं.

अतिनवतारा

आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांनी पाहिलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ चा. त्यामुळे शोध दुसऱ्या दीर्घिकांतच. आज बहुतेक अतिनवतारे एएसएएस-एसएन, अ‍ॅटलास, झेडटीएफ अशी आकाशाचं सर्वेक्षण करणारी यंत्रं पकडतात. हौशी माणसाला जागा उरली आहे का? आहे. जपानच्या कोइची इतागाकी यांनी १९ मे २०२३ ला मेसिए १०१ या दीर्घिकेत टिपलेला ‘२०२३ आयएक्सएफ’ पुढे ११ व्या प्रतीच्या आसपास पोचला. ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट इव्हान्स यांनी तर दुर्बिणीला डोळा लावूनच ४० हून अधिक शोधले, कारण शेकडो दीर्घिकांभोवतीचे तारे त्यांना पाठ होते. पण पहिल्या दोन वर्षांत तुमचं काम शोधण्याचं नाही. दुसऱ्यांनी शोधलेल्या तेजस्वी अतिनवताऱ्याचा चढ-उतार मोजायचा, आणि ते करता करता दहा-बारा दीर्घिका तोंडपाठ करायच्या.

गोव्यातून सोयीच्या दीर्घिका: ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंस-वृषपर्व्याच्या सीमेवरची एनजीसी ६९४६, जिथे १९१७ पासून दहा अतिनवतारे दिसले. थंडीत मेसिए ७४ आणि ७७. फेब्रुवारीपासून मेसिए ८१-८२. यांपैकी ८२ मध्ये जानेवारी २०१४ चा अतिनवतारा साडेदहा प्रतीपर्यंत आला होता. मार्च ते मे सिंहेतल्या ६५-६६, कन्येतली ६१, सप्तर्षींजवळच्या ५१ आणि १०१, आणि दक्षिणेकडची ८३, जी आपल्याकडे ४४ अंशांपर्यंत चढते. मेमध्ये हवा धूसर होते, ढग जमू लागतात, म्हणून कन्येच्या दीर्घिका फेब्रुवारी-मार्चमध्ये मध्यरात्रीनंतरच उरकाव्यात.

नावांची गोष्ट सोपी आहे. वर्ष आणि पुढे अक्षरं, त्या वर्षीच्या क्रमाने. वर्णपटाने खात्री होईपर्यंत आधी ‘एटी’ लागतं, नंतर ‘एसएन’. अधिकृत यादी ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर असते. तिथे १३ पेक्षा उजळ काही असेल तर आठ इंची दुर्बीण बाहेर काढा.

आधी २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने (आयपीसने) दीर्घिका मध्यावर आणा, मग शंभर ते दीडशे पट करा. मोठेपणा वाढला की आकाश आणि दीर्घिकेचा धूसर उजेड दोन्ही काळवंडतात आणि ताऱ्याचा ठिपका उठून दिसतो. डोक्यावर काळं कापड घ्या. ठिपक्याकडे थेट न पाहता थोडं बाजूला पाहा. अंदाज देताना हे ध्यानात ठेवा की दीर्घिकेच्या उजेडावर बसलेला तारा आणि काळ्या आकाशातला तुलना तारा यांची तुलना पूर्ण न्यायाची होत नाही, म्हणून शेऱ्यात केंद्रापासूनची जागा लिहा. ‘एक-ए’ प्रकारचा अतिनवतारा अडीच-तीन आठवड्यांत शिखर गाठतो आणि पुढच्या पंधरवड्यात सुमारे एक प्रत उतरतो. दुसऱ्या प्रकारातले काही तारे लवकर चढून तीनेक महिने जवळजवळ एकाच पातळीवर राहतात. आठवड्यातून दोन नोंदी ठेवल्या तर हा फरक तुमच्याच आलेखात उमटतो.

आणि नवा ठिपका खरोखरच सापडला असं वाटलं तर? त्याच रात्री तासाभराच्या अंतराने दोनदा टिपा. सिंह-कन्येच्या दीर्घिका क्रांतिवृत्ताजवळ (सूर्याच्या आकाशातल्या वाटेजवळ) आहेत, तिथून लघुग्रह सतत जातात, आणि पट्ट्यातला लघुग्रह तासाला अर्ध्या कलेइतका (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतो. सरकला नाही तर जुन्या सर्वेक्षणांतलं त्याच जागेचं चित्र उघडा. अनेकदा तो आकाशगंगेतला साधा तारा किंवा दीर्घिकेतला तेजस्वी वायुमेघ निघतो. मग रूपविकारी ताऱ्यांची सूची, लघुग्रहांची तपासणी, नेम सर्व्हरवरची ताजी यादी. फोटोत असेल तर दुर्बीण किंचित हलवून पुन्हा घ्या. कॅमेऱ्याचा तप्त बिंदू ताऱ्यांबरोबर हलत नाही. हे सगळं पार पडलं, आणि दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे पाहिलं, तर नेम सर्व्हरवर कळवा.

कॅमेऱ्याने मोजणाऱ्यांसाठी एवढंच: डीएसएलआर, ५० मिलिमीटर लेन्स, साधा ट्रायपॉड, रॉ फाइल, कमी आयएसओ, ५ ते १० सेकंदांचे दहा फोटो, आणि फोकस मुद्दाम थोडा सैल, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश बऱ्याच पिक्सेलांवर पसरतो. एकही पिक्सेल पूर्ण भरता कामा नये. मोजणी फक्त हिरव्या रंगातून करायची आणि ती ‘टीजी’ म्हणून नोंदवायची. जेपीईजी वापरलात तर आकडे निरुपयोगी, कारण कॅमेरा त्यातले उजेड-अंधार स्वतःच्या मनाने बदलतो. सीस्टारसारख्या छोट्या स्वयंचलित दुर्बिणींच्या फिट्स फाइलींनाही हीच रीत चालते.

पावसाळा

जून लागला की भिंगांवर बुरशीचा धोका. बायनॉक्युलर आणि नेत्रिका पुसून, पूर्ण कोरड्या करून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं, मात्र स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी घेऊ नका. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत काही ठेवू नका, ओल तिथेच धरते. दर पंधरा दिवसांनी डबा उघडून भिंग उजेडासमोर तिरकं धरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ते बाकी सामानापासून लगेच वेगळं करा.

बायनॉक्युलर डब्यात असलं तरी वही बाहेर राहू द्या. जुलैच्या रात्री पाऊस थांबून ढगांत दहा मिनिटांची फट पडते, तेव्हा मुकुट बरोबर डोक्यावर असतो. अंगणात या, एप्सिलॉनशेजारी टी दिसतो का ते पाहा, वेळ आणि ‘दिसला नाही, ४.१ पेक्षा मंद’ लिहा, शेऱ्यात ढगांचा ‘यू’ टाका.